हौशी सिनेमावाल्यांना नाशिकमध्ये महिन्याला एक पडदा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय हे मला माहितीये. जागा नसेल तर मधलं काय कापायचं ते कापा, पण शेवटची मागणी तेवढी राहू द्या.

मागच्या रविवारी भाचा पुण्याहून आला होता. त्याने रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' बघितला होता आणि आता त्याला त्यामागची खरी माणसं बघायची होती, म्हणून जेवणं झाल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून फैजा अहमद खान यांची २००८ची डॉक्युमेंटरी लावली, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. त्यात कॅमेरावाला सायकलवर बसलाय आणि बाकीचे ती सायकल ढकलतायत, असा ट्रॉली शॉट घेतात. बैलगाडीची क्रेन करतात. हिरवं कापड लावून सुपरमॅनला उडवतात. आणि सगळं रंगात आलेलं असताना कॅमेराच पाण्यात पडतो. आमची हसून हसून पुरेवाट झाली, माझी पण. हसू येतंच, ते येऊ नये असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण भाचा डोळे पुसत म्हणाला, "आत्या, काय येडे लोक आहेत यार!" आणि तिथे मला राहवलं नाही. रिमोट घेऊन पॉज केलं आणि त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला लिहितेय.

ट्रॉली शॉटला काय लागतं? रूळ लागतात, त्यावर चालणारी पाटी लागते, ढकलायला माणसं लागतात, खालची जमीन वर-खाली असेल तर रुळाखाली घालायला पाचरी लागतात आणि हे सगळं आणायला टेम्पो लागतो. भाड्याने आणलं तर दिवसाचं भाडं. ज्याच्याकडे ते नाही तो विचार करतो की मला नेमकं हवंय काय, तर कॅमेरा धक्का न बसता पुढे सरकायला हवाय. मग हवा भरलेल्या टायरवर चालणारी, आवाज न करणारी, गल्लीत कुणाकडेही मागितली तर मिळणारी वस्तू कुठली, तर सायकल. येड्या माणसाला हे सुचत नाही हो. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये फी भरून जे शिकवतात तेच हा माणूस उलट्या बाजूने शिकून आलाय, आधी अडचण आणि मग उत्तर.

मालेगाव म्हणजे पॉवरलूमचं गाव. लूम शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे तिथला सिनेमाचा वार शुक्रवार. नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता, दुसऱ्यांचे पिक्चर दाखवता दाखवता स्वतःचे करायला घेतले, मालेगावचे 'शोले' केले, मग मालेगावचा सुपरमॅन केला, आणि सुपरमॅन झाला शफीक नावाचा लूमवर काम करणारा अगदी किडकिडीत मुलगा. तो शफीक पुढे कॅन्सरने गेला. डॉक्युमेंटरीत त्याचं हसू बघताना हे माहीत असलं की घशाशी काहीतरी येतं. कागतींच्या पिक्चरमध्ये शेवटी थिएटरभर लोक रडत होते, तो पिक्चर मला आवडला, पण माझं मत विचाराल तर डॉक्युमेंटरी जास्त खरी, कारण ती कुणाला रडवायला जात नाही, ती बिचारी फक्त बघते की हा शॉट आता घेणार कसे.

आता गंमत बघा. हौशी माणसाने पदरचे पैसे घालून सिनेमा करताना काय काय होतं यावर आपल्याकडच्या ज्या चांगल्या कॉमेड्या मला माहिती आहेत त्यातल्या दोन आपल्या एकाच जिल्ह्यातल्या माणसांच्या आहेत. एक ही मालेगावची. दुसरी परेश मोकाशींची 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', जी २००९ साली भारताकडून ऑस्करला पाठवली होती. तिचे नायक दादासाहेब फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. पहिला पिक्चर मुंबईत केला पण १९१३ मध्येच बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले, इथे पिक्चर काढले, १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी इथेच सुरू झाली आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला गेले तेही नाशिकमध्येच. त्र्यंबक ते मालेगाव एसटीने गेलं तर तीन-साडेतीन तास लागतात. एवढ्या अंतरात हा सगळा इतिहास मावतो आणि आपण शाळेत त्याचं फक्त एका मार्कांचं उत्तर पाठ करतो, भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक कोण.

मोकाशींच्या पिक्चरमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फाळके कुठेही रडके दाखवलेले नाहीत. नंदू माधव यांनी ते अगदी हसतमुख केलेत. कुणाला वाटेल की कॉमेडी करायची म्हणून तसं केलं असेल, पण त्या काळातल्या घडलेल्या गोष्टी नुसत्या एकाखाली एक लिहिल्या तरी आपोआप कॉमेडी होते.

१९११ साली गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा पिक्चर बघितला आणि डोक्यात बसलं की आपल्या देवांचे असे पिक्चर झाले पाहिजेत. मग इतके पिक्चर बघितले, इतका अभ्यास केला की काही दिवस दिसायचंच बंद झालं, डॉक्टरांच्या उपचाराने दृष्टी परत आली. त्यानंतर विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसनचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं मशीन घेऊन आले. मी स्वतः विम्याच्या ऑफिसात काम करते. पॉलिसीवर कर्ज काढायला येणारी माणसं रोज टेबलासमोर बसतात, कुणाचं आजारपण, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची बोअरवेल. सिनेमासाठी म्हणून आजवर एकही आलेला नाही, आणि समजा आला तर मी त्याला काय सांगेन याचा मी खूप विचार केलाय. घरी जाऊन बायकोशी बोला, हेच सांगेन बहुतेक.

कारण ती बायको सरस्वतीबाई होती म्हणून सगळं झालं. फिल्म भोकं न पाडलेली यायची, ती अंधारात बसून एकेक पाडायची, ते काम त्यांनी शिकून घेतलं. केमिकल मिसळायचं त्यांनी, उन्हात पांढरी चादर धरून नटाच्या तोंडावर उजेड पाडायचा त्यांनी, आणि पूर्ण युनिटचा स्वयंपाक पण त्यांनीच. दागिने गेले ते वेगळेच. आजच्या भाषेत सांगायचं तर लॅब असिस्टंट, लाइटवाला, केटरिंग आणि फायनान्सर. पिक्चरमध्ये विभावरी देशपांडे यांनी त्या छानच केल्यात, पण सरस्वतीबाईंवर एक वेगळा अख्खा पिक्चर व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं आणि तो कुणीतरी नाशिककराने करावा.

मग नटांची पंचाईत. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवतील म्हणून फाळक्यांनी सांगून ठेवलं, घरी विचारलं तर सांगा हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, बदनाम वस्तीतल्या बायकांनीसुद्धा नको म्हटलं, शेवटी ग्रँट रोडजवळच्या हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके दिसले. त्यांना तिथे महिन्याला १० रुपये मिळायचे, फाळक्यांनी १५ देऊ केले आणि हिंदी सिनेमाची, मराठी सिनेमाची, सगळ्या भारतीय सिनेमाची पहिली नायिका ठरली. पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम पण केला आणि सीता पण. आउटडोअरला युनिट कर्जत लाइनवरच्या वांगणीला गेलं तर हातात तलवारी घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोरच आले. सगळ्यांना धरून ठेवलं. फाळके मागाहून पोचले, त्यांनी अधिकाऱ्याला कॅमेरा दाखवला, फिल्म न भरताच एक सीन करून दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली. फिल्म न भरता का, तर फूट फूट मोजून आणलेली होती, उगाच कशी घालवणार. ही छोटी गोष्ट वाचली तेव्हा मला त्या माणसाबद्दल जे प्रेम वाटलं ते पुतळ्याकडे बघून कधी वाटलं नव्हतं.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. लांबी ३७०० फूट. नंतर सुरतेला गल्ला जमेना तेव्हा जाहिरात केली की ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि तिकीट फक्त तीन आणे. ३७०० फुटांचा तर पाऊण मैलसुद्धा होत नाही, पण आपलं मूल दुकानाच्या काचेत मांडून विकायची वेळ येते तेव्हा आई-बाप असंच बोलतात, मला तरी त्यांचा राग येत नाही.

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितेय तर आम्हीही तेच करतो. आम्ही सहा जण आहोत, चौघं नोकरीवाले, एकाचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, एक कॉलेजात शिकतोय. दोन वर्षांपूर्वी आम्ही २२ मिनिटांची शॉर्टफिल्म केली, दोन भावांची गोष्ट, एकाला द्राक्षबाग विकायचीये आणि एकाला नाही. शूटिंग फक्त रविवारी, त्यामुळे २२ मिनिटांना १४ महिने लागले. माझ्याकडे साउंड होता. पेंटर लोक भिंत रंगवायला रोलर लावतात तो लांब दांडा असतो ना, त्याला माइक बांधला, की झाला बूम. दहा मिनिटं डोक्यावर धरून उभं राहिलं की दंड थरथरायला लागतात आणि ती थरथर माइकमध्ये ऐकू येते, म्हणून मी रोज सकाळी पाण्याच्या बाटल्या उचलायचा व्यायाम सुरू केला, तो अजून चालू आहे. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला वारा एवढा की नुसतं घूं घूं, तिथे माइकवर मुलीच्या जुन्या टेडीचं केसाळ कातडं शिवून चढवलं. चाललं, छान चाललं.

घरातल्या सीनला आवाज घ्यायचा तर पंखे बंद, आणि आम्ही नेमकं मे महिन्यात घरातलं शूटिंग लावलेलं. फ्रिज पण बंद करावा लागतो, त्याची घरघर कानाला जाणवत नाही पण माइकला जाणवते. मित्राच्या आईच्या घरी सकाळी फ्रिज बंद केला, रात्री सामान आवरून निघालो, परत चालू करायचा राहिला. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन, इडलीचं पीठ फुगून खालच्या कप्प्यापर्यंत आलंय आणि दोन लिटर दूध नासलंय. मी संध्याकाळी जाऊन फ्रिज पुसून दिला आणि दूध नेऊन दिलं. त्यानंतर एक नियम केला, फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज उघडावाच लागतो. पुढे कळलं की परदेशातले साउंडवाले पण अगदी हेच करतात. कुणीही न सांगता आम्ही तिथेच पोचलो याचा मला फार आनंद झाला.

आणि केस. आमचा मोठा भाऊ झालेला मित्र दार उघडतो हा शॉट मार्चमध्ये घेतला, बाहेरून. आतला भाग एप्रिलमध्ये. मधल्या काळात तो घरच्यांबरोबर तिरुपतीला जाऊन नवस फेडून आला. दार उघडणाऱ्याला दाट केस आणि आत पाऊल टाकणारा चकाचक तुळतुळीत! त्याला बोलणार तरी काय, देवाचं काम. तीन महिने थांबायचं ठरत होतं तेवढ्यात कॉलेजवाला मुलगा म्हणाला, दादा गाडीवरून आलाय ना, मग हेल्मेट काढलंच नाही असं करूया. बाहेरचा शॉट हेल्मेट घालून परत घेतला, आतला पण हेल्मेटमध्येच. आणि काय सांगू, तो सीन बदलूनच गेला. धाकटा भाऊ पाणी पुढे करतो आणि मोठा हेल्मेट काढत नाही, नुसती काच वर करतो आणि बोलतो, म्हणजे हा माणूस या घरात थांबायला आलेलाच नाही हे एक शब्द न लिहिता कळतं. मूळ स्क्रिप्टमध्ये तिथे दीड पान डायलॉग होते. आम्ही सोसायटीच्या गच्चीवर चादर बांधून पहिला शो केला तेव्हा त्या सीनला लोक आधी हसले आणि मग एकदम गप्प झाले. वाऱ्याने चादर फुगत होती, चेहरे लहान-मोठे होत होते, तरी सगळे गप्प. त्या दहा सेकंदांसाठी मी पुन्हा १४ महिने दांडा धरायला तयार आहे.

आमचं वांगणी पण झालं. भावाभावांच्या मारामारीचा सीन पंचवटीजवळ रिक्षा स्टँडला होता. कॅमेरा म्हणजे मोबाइल, आणि तो रस्त्याच्या पलीकडे लपवलेला, कारण कॅमेरा दिसला की गर्दी जमते आणि सगळे त्यातच बघायला लागतात. सीन सुरू झाला, धाकट्याने मोठ्याची कॉलर धरली आणि दोन रिक्षावाले धावत येऊन मधे पडले. एकाने धाकट्याला मागून मिठी मारून उचललंच. "अरे भाऊ आहे ना तुझा, काय करतो," असं त्याला समजावत होता. आम्ही ओरडतोय शूटिंग आहे, शूटिंग आहे, त्यांना ते खरंच वाटेना, कारण कॅमेरा कुठे आहे? शेवटी पलीकडून मोबाइल आणून घेतलेला शॉट दाखवला. ते काका पन्नाशीचे असतील. त्यांनी तो दोनदा बघितला आणि विचारलं, परत करायचाय का, मग मी येतो ना सोडवायला. फायनल फिल्ममध्ये तो शॉट तसाच आहे, भाऊ भांडतात आणि एक रिक्षावाला येऊन सोडवतो. अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात खरा अभिनय त्यांचाच आहे. दिवसभर थांबले, भाडं बुडालं ते देऊ केलं तर घेतलं नाही, मिसळ तेवढी खाल्ली आमच्याबरोबर.

एकूण खर्च ४७,००० रुपये झाला आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा खाण्याचा, हे सरस्वतीबाईंना सांगितलं असतं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नसतं.

आता खरी अडचण. फिल्म झाली, पुढे काय? ऑनलाइन फेस्टिवलच्या एंट्री फी डॉलरमध्ये असतात, चार ठिकाणी पाठवली की आमचा एका रविवारचा खर्च गेला, आणि उत्तर येतं ते छापील, आपल्या फिल्मबद्दल एक ओळ नाही. थिएटर आमच्यासाठी नाही, तिथे सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं, वितरक लागतो. हॉल भाड्याने घ्यायचा तर ते भाडं फिल्मच्या निम्म्या खर्चाएवढं. यूट्यूबवर टाकली, २१२ लोकांनी बघितली, त्यात आमचे नातेवाईक किती ते मी मोजून सांगू शकते. मोबाइलवर बघणारा माणूस साउंड ऐकतच नाही हो. मी जो वारा मुद्दाम ठेवलाय द्राक्षबागेतला, तो फोनच्या स्पीकरमधून येतच नाही.

जपानमध्ये २०१७ साली शिनइचिरो उएदा या दिग्दर्शकाने अगदी थोड्या पैशात, नाव नसलेले नट घेऊन 'वन कट ऑफ द डेड' केला. पहिली ३७ मिनिटं एकच सलग टेक आहे आणि त्यात सगळं चुकत असतं, नट मधेच थांबतात, भलतंच काहीतरी बोलतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो. आपण हसतो की काय हे बकवास. आणि मग पुढच्या भागात आपल्याला दाखवतात की त्या प्रत्येक चुकीच्या वेळी कॅमेऱ्याच्या मागे काय चाललं होतं. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी जास्त सांगत नाही, पण शेवटी आपण तितकेच हसतो, फक्त आता त्या लोकांच्या बाजूने हसतो. भाच्याला मी तो रात्री लावून दिला. रात्री एक वाजता येऊन म्हणाला, आत्या, तो सायकलवाला सीन परत बघूया.

तर मला हेच म्हणायचंय. हौशी माणसाचा सिनेमा नुसता दाखवून भागत नाही, तो कसा केला हे पण सांगायला जागा पाहिजे. फाळक्यांनी स्वतः १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार होतात यावर छोटी फिल्म केली होती, त्यात ते स्वतः काम करताना दिसतात, म्हणजे त्यांनाही हे दाखवावंसं वाटलंच ना.

मागणी अशी आहे. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे, किंवा तिथे जमत नसेल तर शहरातल्या कुठल्याही सार्वजनिक हॉलमध्ये, महिन्यातला एक रविवार, दोन तास, हौशी सिनेमासाठी राखून ठेवावा. अर्ध्या तासाच्या आतल्या फिल्म. मालेगाव, येवला, सिन्नर, कळवण, कुठूनही, मराठी, अहिराणी, उर्दू, हिंदी, कुठल्याही भाषेतली. तिकीट ठेवायचं तर २० रुपये ठेवा. प्रत्येक फिल्मनंतर करणाऱ्यांनी उभं राहून एक शॉट कसा घेतला तेवढं सांगायचं, आणि दांडा धरणाऱ्याला पण बोलवायचं. प्रोजेक्टर आमच्या ग्रुपकडे आहे, आम्ही आणतो, लावतो, आवरून पण जातो. तुमच्या पेपरात 'आजचे कार्यक्रम' मध्ये चार ओळी मिळाल्या तरी हॉल भरेल असं मला वाटतं.

दुसरं, जुन्या टेप. मालेगावचे व्हिडिओवाले, जिल्ह्यातले लग्नाचे शूटिंगवाले, ज्यांनी कधीतरी हौसेने एखादा पिक्चर केला, त्यांच्या व्हीएचएस कॅसेट माळ्यावर पडून आहेत, त्यांना बुरशी लागते. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढीच आज पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये आहेत, आणि ती पण मूळ १९१३ची की फाळक्यांनी १९१७ साली परत केलेल्या पिक्चरची यावर अभ्यासकांचे वाद आहेत. देशाच्या पहिल्या पिक्चरची ही गत, मग मालेगावच्या कॅसेटचं काय होणार? मास मीडियाच्या कॉलेजांनी विद्यार्थ्यांना हे प्रोजेक्ट म्हणून द्यावं, एकेक कॅसेट डिजिटल करून घ्यायची आणि जो जिवंत आहे त्याच्याकडून ती कशी केली ते रेकॉर्ड करून घ्यायचं. साउंडला मी येते, माझा दांडा घेऊन, पैसे नकोत.

ते रिक्षावाले काका मला अजून अधूनमधून स्टँडला भेटतात. यूट्यूबची लिंक त्यांना पाठवली होती, पण त्यांनी ती उघडलेली नाही. म्हणतात, ताई, मोबाइलवर नको, घरच्यांना घेऊन येतो, मोठ्या पडद्यावर कधी लावताय ते सांगा. दोन वर्षं झाली, मी त्यांना दर वेळी पुढच्या महिन्यात म्हणून सांगतेय.

आपली,
एक वाचक
इंदिरानगर, नाशिक